बरोबर तीन मिनिटांनी फेल होणाऱ्या व्हीएम: खासगी क्लाउडमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका संस्थेच्या अंतर्गत क्लाउडचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, तांत्रिक बाजू होती तशी ठेवली आहे. क्लाउड ओपनस्टॅक या मुक्त-स्रोत प्रणालीवर उभा होता: व्हीएम (आभासी संगणक) चालवायला नोव्हा, त्यांच्या डिस्कसाठी (इथे त्यांना व्हॉल्यूम म्हणतात) सिंडर, इमेज (तयार डिस्कचा साचा) ठेवायला ग्लान्स आणि सिंडर-ग्लान्स या दोघांच्या मागे स्टोरेज म्हणून सेफ. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कमांड लाइन कधी उघडलेली नव्हती. त्यांच्या लेखी क्लाउड म्हणजे होरायझन, ब्राउझरमधला डॅशबोर्ड. ऑपरेशन्स टीम मात्र दिवसभर टर्मिनलमध्ये असायची आणि डॅशबोर्ड क्वचितच उघडायची.

प्रशिक्षण विभागाने एक कार्यशाळा ठेवली होती. तीस जण, पाच-पाच जणांचे सहा गट, प्रत्येक गटाला स्वतंत्र प्रोजेक्ट (क्लाउडमधली वेगळी जागा). कोटा वाढवून कोणी मागितला नव्हता, त्यामुळे सिंडरचा मूळ कोटाच लागू होता: दर प्रोजेक्टला १० व्हॉल्यूम आणि १००० जीबी. सगळी साधनं आधीच बसवलेली एक खास इमेज विभागाने बनवून दिली. फॉरमॅट क्यूकाऊ२ (डिस्कवरची रिकामी जागा न साठवणारा), फाइल साधारण ९ जीबीची, पण आतली डिस्क ४० जीबीची. ऑपरेशन्स टीमने ती ग्लान्समध्ये चढवली, टर्मिनलवरून एक व्हीएम उठवून पाहिली. ती व्यवस्थित चालली.

काय बिघडलं

कार्यशाळेच्या सकाळी तीसही जणांनी जवळपास एकाच वेळी ‘लाँच इन्स्टन्स’ (इन्स्टन्स म्हणजेच व्हीएम) दाबलं. यादीत व्हीएम दिसू लागल्या, टास्कच्या रकान्यात ‘ब्लॉक डिव्हाइस मॅपिंग’ असं आलं आणि तिथेच थांबलं. काही वेळाने एकेक व्हीएम ‘एरर’मध्ये गेली. मोजक्या दोन-तीन जणांच्या व्हीएम मात्र सुरू झाल्या होत्या, त्यामुळे ‘क्लाउड बंद आहे’ असंही म्हणता येत नव्हतं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल पट्टी यायची. तिच्यातला मजकूर लांबलचक असतो. मागितलेली क्रिया या इन्स्टन्सवर करता आली नाही, इन्स्टन्स एरर स्थितीत आहे, ‘प्लीज ट्राय अगेन लेटर’, आणि त्यापुढे चौकटी कंसात खरं कारण, तेही दोन लांब आयडींच्या मधोमध अडकलेलं. लोकांनी मोबाइलने फोटो काढून पाठवले. जवळजवळ प्रत्येक फोटोत पट्टीचा वरचा भाग होता आणि कारणाचा भाग कापला गेलेला. मदत मागणाऱ्याचा यात दोष नाही. जिथे वाचायचं असतं तिथपर्यंत डोळा पोचूच नये अशी त्या पट्टीची रचना आहे.

पट्टीतला सल्ला मात्र सगळ्यांनी वाचला आणि पाळलाही. व्हीएम डिलीट करायची, पुन्हा लाँच करायची. काहींनी हे तीनदा केलं. थोड्या वेळाने दुसऱ्याच प्रकारच्या तक्रारी यायला लागल्या: आता लाँच करूच देत नाही, व्हॉल्यूमचा कोटा संपलाय म्हणतं, आणि माझ्याकडे तर एकही व्हीएम नाही!

पहिला निर्णय: शोध कुठून सुरू करायचा

टीमच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक, तीस व्हीएम एकदम मागितल्या गेल्या आहेत. दोन, ॲडमिनच्या यादीत फेल झालेल्या व्हीएमपुढे होस्टचा (व्हीएम ज्या यंत्रावर चालते त्याचा) रकाना रिकामा आहे. या दोन्हींवरून एकच निष्कर्ष सुचतो, आणि तोच काढला गेला: शेड्युलरला (व्हीएम कोणत्या होस्टवर ठेवायची ते ठरवणाऱ्या भागाला) जागा मिळत नाहीये. ‘नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड’ हा ओपनस्टॅकमधला सगळ्यांत ओळखीचा एरर. हात आपसूक तिकडेच वळतात.

मग प्लेसमेंटचे, म्हणजे होस्टवरच्या शिल्लक क्षमतेचे, आकडे पाहिले गेले. मेमरी शिल्लक, व्हीसीपीयू शिल्लक. कंप्यूट सेवा सगळ्या ‘अप’. फ्लेवरला (व्हीएमच्या ठरावीक आकाराला) जोडलेल्या अटी तपासल्या, होस्ट ॲग्रिगेट (होस्टचे गट) तपासले. सगळं ठीक. मग कोणीतरी तीच इमेज घेऊन टर्मिनलवरून व्हीएम उठवली आणि ती एका मिनिटाच्या आत ‘ॲक्टिव्ह’ झाली. डॅशबोर्डवरूनही एक चाचणी केली गेली, नेहमीची सिरॉस ही छोटी चाचणी-इमेज घेऊन. तीही लगेच चालली. आता गोंधळ पक्का झाला. इमेज चांगली, डॅशबोर्ड चांगला, होस्ट रिकामे, तरी लोकांच्या व्हीएम फेल.

रिकाम्या होस्टच्या रकान्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा सापळा पुन्हा कोणालाही लागू शकतो. व्हीएमची उभारणी कंप्यूट नोडवर (म्हणजे होस्टवर) सुरू होऊन मध्येच रद्द झाली, तर नोव्हा तिच्या नोंदीतलं होस्टचं नाव पुसून टाकते. म्हणजे रिकामा रकाना ‘होस्ट मिळालाच नाही’ असं सांगत नाही. ‘आत्ता ही कोणाच्याच नावावर नाही’ एवढंच सांगतो. खरा इतिहास व्हीएमच्या ‘ॲक्शन लॉग’मध्ये आणि त्यामागच्या इव्हेंटच्या नोंदीत असतो. तिथे ‘कंप्यूट डू बिल्ड अँड रन इन्स्टन्स’ असा इव्हेंट दिसला, तर शेड्युलरने आपलं काम केव्हाच संपवलं आहे.

कोंडी कशाने फुटली

टीममधल्या एका सहकारी बाईंनी फोनवर एका प्रशिक्षणार्थीला वेगळाच प्रश्न विचारला: ‘लाँच दाबल्यापासून किती वेळाने फेल होतंय?’ उत्तर आलं, ‘तीन मिनिटं, मॅडम. दर वेळी तीनच.’

या एका उत्तराने शेड्युलर यादीतून बाद झाला. जागा नसेल तर नोव्हा तीन मिनिटं वाट पाहत बसत नाही, काही सेकंदांत नकार देते. एखादी गोष्ट दर वेळी ठरावीक वेळाने फेल होत असेल, तर कुठेतरी कोणीतरी घड्याळ लावून वाट पाहत आहे आणि वेळ संपल्यावर सोडून देत आहे. नोव्हामध्ये अशी मुख्य घड्याळं दोन. नेटवर्कचा पोर्ट जोडला गेल्याचा निरोप न्यूट्रॉन या नेटवर्क सेवेकडून यायची वाट ती मुळात ३०० सेकंद पाहते. आणि डिस्क तयार व्हायची वाट पाहताना ती दर ३ सेकंदांनी सिंडरला विचारते, पहिला प्रयत्न धरून ६१ वेळा. दोन्ही आकडे सेटिंगमधून बदलता येतात, इथे ते बदललेले नव्हते. तीन मिनिटं म्हणजे दुसरं घड्याळ, आणि टास्कच्या रकान्यात सकाळपासून ‘ब्लॉक डिव्हाइस मॅपिंग’ लिहिलेलं होतंच.

त्यानंतर एका फेल व्हीएमचा पूर्ण फॉल्ट संदेश उघडला. फोटोंमध्ये कापला गेलेला तोच मजकूर: व्हॉल्यूम डिड नॉट फिनिश बीइंग क्रिएटेड ईव्हन आफ्टर वी वेटेड १८७ सेकंड्स ऑर ६१ अटेम्प्ट्स, अँड इट्स स्टेटस इज डाउनलोडिंग. यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा. व्हॉल्यूम बनण्यात चूक झालेली नव्हती. ते अजून बनत होतं.

मुळात चाललं काय होतं

होरायझनच्या लाँच खिडकीत इमेज निवडली की ‘क्रिएट न्यू व्हॉल्यूम’ हा पर्याय, कोणी बदलला नसेल तर, ‘येस’वर असतो. म्हणजे व्हीएम थेट इमेजवरून उठत नाही. आधी सिंडर त्या इमेजमधून एक व्हॉल्यूम बनवतो आणि व्हीएम त्यावरून उठते. टर्मिनलवरून नुसती इमेज दिली, तर हा टप्पाच येत नाही. नोव्हा कंप्यूट नोडवरची स्थानिक डिस्क वापरते. डॅशबोर्ड आणि कमांड लाइन इथे एकाच कामाचे दोन चेहरे नव्हते, दोन वेगळी कामं होती. टीमने इमेज तपासली ती एका वाटेने, तीस जण गेले दुसऱ्या वाटेने.

आता सिंडरच्या बाजूने पाहू. इमेज रॉ (डिस्क जशीच्या तशी साठवणाऱ्या) फॉरमॅटमध्ये असेल आणि त्याच सेफ क्लस्टरमध्ये असेल, तर नवं व्हॉल्यूम म्हणजे नुसता क्लोन. डेटा हलत नाही, काम सेकंदांत होतं. इमेज क्यूकाऊ२ असेल तर मात्र क्लोन होत नाही. सिंडर ती ग्लान्सकडून पूर्ण डाउनलोड करतो, आपल्या कन्व्हर्जनच्या डिरेक्टरीत ठेवतो, रॉमध्ये बदलतो आणि मग सेफमध्ये भरतो. हे दर व्हॉल्यूमला नव्याने. तीस जण म्हणजे तीस वेळा ९ जीबी, तेही एकाच कंट्रोलर नोडच्या (नियंत्रण सेवा चालवणाऱ्या सर्व्हरच्या) एकाच डिस्कवर. सुरुवातीच्या दोन-तीन जणांचं काम वेळेत निभावलं, बाकीचे त्या रांगेत अडकले. सिरॉस इमेज २० एमबीच्या आसपास असते, तिला हा प्रवास जाणवतही नाही. म्हणूनच चाचणी पास झाली.

कोट्याचं कोडंही इथेच सुटलं. नोव्हा वाट पाहणं सोडते, पण सिंडरला ‘थांब’ म्हणत नाही. डॅशबोर्डवर ‘डिलीट व्हॉल्यूम ऑन इन्स्टन्स डिलीट’ मुळात ‘नो’ असतं, त्यामुळे व्हीएम डिलीट केली तरी व्हॉल्यूम राहतं. एका गटात पाच जण, प्रत्येकाचे दोन प्रयत्न, की १० चा कोटा संपला. ‘व्हॉल्यूम्स’च्या पानावर ती सगळी ओळीने पडलेली होती, नाव नसलेली, नावाच्या जागी नुसता लांब आयडी. अशा नोंदी आपल्या आहेत हे पाहणाऱ्याला सुचणारही नाही.

दुसरा निर्णय: कार्यशाळा कशी वाचवायची

वर्ग ताटकळत बसलेला होता, त्यामुळे आधी आजचं निभावणं भाग होतं. तीन प्रस्ताव पुढे आले.

पहिला प्रस्ताव नोव्हाचं घड्याळ वाढवण्याचा. ‘ब्लॉक_डिव्हाइस_अलोकेट_रिट्राइज’ ६० वरून ६०० केलं, की वाट पाहण्याची मुदत अर्ध्या तासावर जाते. बदल एका ओळीचा, पण तो प्रत्येक कंप्यूट नोडवर करून नोव्हा-कंप्यूट सेवा रीस्टार्ट करावी लागते. चालू व्हीएमना त्याने धक्का लागत नाही, अर्धवट उभारणीतल्या मात्र एररमध्ये जातात. आणि इतकं करून कंट्रोलरवरची रांग तशीच राहणार होती.

दुसरा प्रस्ताव, सगळ्यांना ‘क्रिएट न्यू व्हॉल्यूम’ला ‘नो’ करायला सांगायचं. सोपं वाटतं, पण गटांना दिलेल्या फ्लेवरमध्ये स्थानिक डिस्क २० जीबीची होती आणि इमेजची डिस्क ४० जीबीची. मग ‘फ्लेवरची डिस्क इमेजला पुरत नाही’ असा नवा एरर आला असता. टर्मिनलवरच्या चाचणीत टीमने मोठा फ्लेवर घेतला होता, म्हणून तिथे हे दिसलं नव्हतं.

तिसरा प्रस्ताव अडगळ साफ करण्याचा: अनाथ व्हॉल्यूम उडवायची, कोटा मोकळा करायचा, पाच-पाच जणांना टप्प्याटप्प्याने लाँच करू द्यायचं. टीम हेच करणार होती. एकाने तर ‘डाउनलोडिंग’मधली व्हॉल्यूम डिलीट होत नाहीत म्हणून त्यांची स्थिती ॲडमिनच्या अधिकारात जबरदस्तीने बदलायची तयारीही केली. ते थांबवलं गेलं, आणि बरं झालं. स्थिती बदलल्याने मागे चाललेलं रूपांतर थांबत नाही, नोंद तेवढी खोटी होते.

तेवढ्यात व्हॉल्यूमच्या यादीकडे नीट पाहिलं गेलं. त्यांतली बरीचशी आता ‘अव्हेलेबल’ होती आणि ‘बूटेबल’ही. नोव्हाने हात झटकल्यावरही सिंडरने काम पुरं केलं होतं. म्हणजे टीम जी कचरा म्हणून उडवायला निघाली होती, त्या तीस जणांना हव्या असलेल्या तयार डिस्कच होत्या. निर्णय तिथेच फिरला. सगळ्यांना निरोप गेला: नवीन काही लाँच करू नका, थोडं थांबा, मग लाँच खिडकीत सोर्स म्हणून ‘इमेज’ऐवजी ‘व्हॉल्यूम’ निवडा आणि गटाच्या यादीतलं एकेक उचला. नवे प्रयत्न थांबताच कंट्रोलरची रांगही झपाट्याने ओसरली. जेवणाच्या सुट्टीपूर्वी सगळ्यांच्या व्हीएम चालू होत्या. उरलेली व्हॉल्यूम दुपारी सावकाश काढली.

तिसरा निर्णय: कायमचा उपाय

इथे मतभेद झाले, आणि ते रास्त होते. घड्याळ कायमचं वाढवून टाकावं असा एक आग्रह होता. माझ्या मते तो न ऐकणंच योग्य ठरलं. तीन मिनिटांची मर्यादा होती म्हणून इमेजचा प्रश्न पहिल्याच दिवशी दिसला. ती अर्धा तास असती, तर लोकांनी ‘आपला क्लाउड जरा हळू आहे’ असं म्हणून वर्षभर सोसलं असतं. ज्यांच्याकडे क्लोन न करू शकणारं स्टोरेज आहे आणि इमेज खरोखर मोठ्या आहेत, त्यांना ही मर्यादा वाढवावीच लागते. इथे तशी गरज नव्हती.

सिंडरचा इमेज-व्हॉल्यूम कॅशही चर्चेत होता. त्यात इमेजचं पहिलं व्हॉल्यूम बनलं की त्याची प्रत एका अंतर्गत प्रोजेक्टच्या नावावर ठेवतात आणि पुढच्यांना त्यावरून क्लोन मिळतो. लोक स्वतःच्या क्यूकाऊ२ इमेज चढवत असतील तर हा पर्याय उत्तम. इथे इमेज टीमच चढवत होती. ती आधीच रॉ करून ठेवली, की कॅशची गरज उरत नाही. होरायझनमधला ‘क्रिएट न्यू व्हॉल्यूम’ मुळातच ‘नो’ करणं एका सेटिंगने शक्य होतं, पण मग सगळ्यांच्या डिस्क एकेका कंप्यूट नोडवर अडकल्या असत्या आणि नोड गेला तर डेटाही. तो विचार लगेच सोडला.

शेवटी इमेज रॉमध्ये बदलून पुन्हा चढवायचं ठरलं. क्यूईएमयू-इमेज साधनाने रूपांतर केलं, ग्लान्समध्ये डिस्क फॉरमॅट ‘रॉ’ नोंदवून चढवली, डॅशबोर्डवरून चाचणी घेतली. आणि ती पहिल्यापेक्षा हळू निघाली! सिंडर आता ९ जीबीऐवजी ४० जीबी ओढत होता.

फॉरमॅट रॉ असणं पुरेसं नसतं. इमेज सेफमध्ये नेमकी कुठे आहे हे सिंडरला कळावं लागतं, आणि ते ग्लान्सच्या ‘शो_इमेज_डायरेक्ट_यूआरएल’ या सेटिंगवर अवलंबून आहे. ते बंद होतं. चालू करण्याआधी विचार करण्यासारखं कारणही होतं: त्यामुळे स्टोरेजमधला पत्ता ग्लान्सच्या एपीआयमधून दिसू लागतो, म्हणून तो एपीआय बाहेरच्या जगाला उघडा असू नये. इथे तो फक्त अंतर्गत नेटवर्कवर होता, हे फायरवॉलच्या नियमांत खात्रीने पाहिल्यावरच सेटिंग बदललं. सिंडरच्या सेफ युजरला इमेजच्या पूलवर (सेफमधल्या साठवणीच्या कप्प्यावर) वाचण्याचा अधिकार आहे की नाही, हेही तपासून घेतलं.

दुसऱ्या चाचणीत व्हॉल्यूम काही सेकंदांत तयार झालं. नुसत्या वेगावर विश्वास न ठेवता सेफमध्ये त्या व्हॉल्यूमची माहिती काढली. तिच्यात ‘पेरेंट’ची ओळ होती आणि तिथे इमेजच्या पूलचं नाव, इमेजचा आयडी आणि ॲटच्या चिन्हापुढे ‘स्नॅप’. ही ओळ दिसली म्हणजे क्लोनच झाला आहे, कॉपी नव्हे.

निष्पत्ती

पुढची कार्यशाळा त्याच तीस जणांच्या आकाराची होती, तेव्हा एकही लाँच फेल झालं नाही. रोज चालणारी स्वयंचलित चाचणी बदलली: आता ती सिरॉस नाही तर लोक प्रत्यक्ष वापरतात ती सगळ्यांत मोठी इमेज घेते, आणि डॅशबोर्ड ज्या पद्धतीने मागणी पाठवतो त्याच पद्धतीने, नवीन व्हॉल्यूमसकट, पाठवते. तक्रारीच्या अर्जात दोन प्रश्न वाढले: लाँच दाबल्यापासून किती वेळाने फेल झालं, आणि इन्स्टन्सच्या पानावरच्या ‘फॉल्ट’ भागातला पूर्ण मजकूर. दुसरा प्रश्न लोक अजूनही अर्धवट भरतात, पहिला मात्र जवळपास सगळे भरतात.

काय वेगळं करता आलं असतं

शेड्युलर तपासण्यात गेलेला वेळ वाचला असता. त्यासाठी जास्त हुशारी लागली नसती, क्रम वेगळा असता तर पुरे होतं. आधी एका फेल व्हीएमचा फॉल्ट संदेश शेवटपर्यंत वाचायचा, ॲक्शन लॉगमधून रिक्वेस्ट आयडी घेऊन नोव्हा-कंप्यूटच्या लॉगमध्ये शोधायचं, आणि क्षमतेचे आकडे त्यानंतर. एकाच व्हीएमचा माग पूर्ण काढणं हे तीसांची सरसकट पाहणी करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

कोटा कार्यशाळेआधी वाढवला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न नंतर निघाला. माझा अंदाज असा की त्या दिवशी तरी नुकसानच झालं असतं. १० च्या मर्यादेनेच लोकांचे पुढचे प्रयत्न अडवले, नाहीतर कंट्रोलरची डिस्क भरेपर्यंत डाउनलोड चालू राहिली असती. पण कोटा असा अपघाताने उपयोगी पडावा ही काही योजना नव्हे. प्रशिक्षणाच्या प्रोजेक्टांसाठी आता माणशी दोन व्हॉल्यूम धरून आधीच आकडा ठरवतात.

सगळ्यांना ‘थांबा, पुन्हा लाँच करू नका’ हा निरोप खूप आधी जायला हवा होता. कारण कळलेलं नसतानाही तो देता आला असता.

रॉ इमेजचं एक ओझं नंतर लक्षात आलं. विभागाने इमेजची नवी आवृत्ती दिली, तेव्हा जुनी डिलीट होईना. तिच्यावरून क्लोन झालेली व्हॉल्यूम वापरात होती आणि त्यांचा आधार काढून घ्यायला सेफ तयार नव्हतं. प्रत्येक व्हॉल्यूम फ्लॅटन करून (पूर्ण प्रत बनवून) वेगळं करता येतं, पण मग वाचवलेली जागा पुन्हा खर्च होते. टीमने जुनी इमेज ग्लान्समध्ये ‘हिडन’ केली. लाँचच्या यादीत ती आता दिसत नाही, आणि तिचं शेवटचं व्हॉल्यूम निघाल्यावर ती डिलीट करायची नोंद कामाच्या यादीत अजून उघडी आहे.